घरच्यांचे पोर्ट्रेट काढताना चेहरे पुन्हा पुन्हा अवघडतात, तेव्हा काय तपासावे

घरातल्या किंवा मैत्रीतल्या माणसांना समोर बसवून पोर्ट्रेटचा सराव करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते, आणि ती सुटली असे वाटत असतानाच पुढच्या वेळी पुन्हा उभी राहते. एरवी दिलखुलास हसणारी बहीण कॅमेरा वर उचलला की ओठ ताणून बसते, वडील पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ताठ होतात, मित्राचा उत्साह पहिल्या दोन-चार फोटोंनंतर ओसरतो आणि त्याची नजर मोबाइलकडे वळू लागते. नंतर संगणकावर फोटो पाहिले की प्रकाश ठीक असतो, फोकस ठीक असतो, मागची भिंतही स्वच्छ असते. मात्र ज्या माणसाला आपण इतकी वर्षे ओळखतो, तो त्या फोटोत कुठे सापडत नाही.

यावर बहुतेक जण असे निदान करतात की समोरची व्यक्ती ‘फोटोजेनिक’ नाही, किंवा तिला कॅमेऱ्याची भीती वाटते, किंवा घरचे लोक सरावाला मनापासून साथ देत नाहीत. माझ्या मते बहुसंख्य वेळा दोष कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असतो आणि तो अगदी नेमका सांगता येतो. चेहरा अवघडतो तो वाट पाहताना. फोटो काढणारा डायल फिरवत असतो, पडद्यावर फोटो मोठा करून पाहत असतो, खुर्ची इकडची तिकडे सरकवत असतो, आणि तेवढा सगळा वेळ समोरचा माणूस चेहऱ्यावर एक भाव धरून बसलेला असतो. व्यावसायिक मॉडेलला या रिकाम्या वेळेत सैल राहण्याची आणि शटर दाबले जाण्याआधी पुन्हा भानावर येण्याची सवय असते. आपल्या मावशीला किंवा शेजारच्या मित्राला ती नसते, आणि ती असावी अशी अपेक्षाही रास्त नाही.

चेहऱ्यावरचा भाव ही मुळात हालचाल आहे. खरे हसू उमटते, फुलते आणि ओसरते; ते मध्येच थांबवून ठेवता येत नाही. फ्रेंच मज्जातज्ज्ञ द्युशेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले होते की ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू माणूस हवा तेव्हा हलवू शकतो, परंतु खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आकसतो, तो सहसा हुकमी हलत नाही. ‘जरा हस ना’ असे सांगितल्यावर तोंड आज्ञा पाळते आणि डोळे पाळत नाहीत, याचे कारण हे आहे. तोच भाव आणखी चार-पाच सेकंद धरायला लावला, की ओठही थकतात आणि हसण्याच्या जागी नुसता ताण उरतो.

एके काळी हा ताण टाळणे शक्यच नव्हते. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, आणि त्यांनी भाची, घरकाम करणाऱ्या तरुणी, शेजारीपाजारी अशा हाताशी असलेल्या माणसांनाच मॉडेल म्हणून बसवून त्या काळातली काही अत्यंत प्रभावी व्यक्तिचित्रे निर्माण केली. ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे प्रकाशसंवेदी द्रावणाचा ओला थर दिलेल्या काचांवर त्या काम करत आणि त्यांची एक्स्पोजर (काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) कित्येकदा काही मिनिटांची असत, त्यामुळे समोरच्याला स्थिर राहावेच लागे. त्या चित्रांतले चेहरे गंभीर, अंतर्मुख दिसतात त्यामागे ही सक्तीही आहे. आज आपण एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात फोटो काढतो. स्थिर बसण्याची तांत्रिक गरज संपली आहे, तरीही आपल्या तयारीच्या अभावामुळे आपण घरच्यांना ती मिनिटे अजून सोसायला लावतो.

आधी निदान पक्के करावे

उपाय सुरू करण्यापूर्वी आपली अडचण हीच आहे का, हे तपासून घ्यावे. त्यासाठी एका बैठकीतले सगळे फोटो, वाईट म्हणून बाजूला काढलेले धरून, क्रमाने उघडावेत आणि प्रत्येक फोटोसोबत नोंदवलेली वेळ दिसेल अशी व्यवस्था करावी. ही वेळ सेकंदापर्यंत फाइलमध्येच असते. आता दोन फोटोंमधली अंतरे पाहावीत. मोठ्या खंडानंतर आलेला पहिला फोटो बहुधा ताठ असेल, लागोपाठ काढलेल्या तीन-चार फोटोंपैकी दुसरा किंवा तिसरा अधिक मोकळा असेल, आणि ‘झालं, थँक्यू’ असे म्हटल्यानंतर चुकून किंवा सहज काढलेला फोटो सर्वांत जिवंत असेल. असे चित्र दिसले तर निदान पक्के झाले. मोठ्या खंडांच्या दोन्ही बाजूंना ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) किंवा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) बदललेला आढळला, तर तो वेळ कुठे गेला हेही तिथेच कळते.

चेहरा मोकळा आहे पण ओळखीचा वाटत नाही, नाक मोठे किंवा कपाळ फुगीर दिसते, अशी तक्रार असेल तर कारण निराळे आहे आणि ते अंतराच्या भागात सापडेल. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, वेळेचा खंड असो वा नसो, चेहरा सारखाच बंद दिसत असेल, तर त्या व्यक्तीला मुळात फोटो काढून घ्यायचा नसण्याची शक्यता सर्वांत आधी मनात आणावी. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

माणूस बसण्याआधी काय पुरे करावे

नियम सोपा आहे आणि तो काटेकोरपणे पाळला तर निम्मी अडचण तिथेच संपते: माणूस खुर्चीत बसल्यानंतर कॅमेऱ्याची कोणतीही मांडणी बदलावी लागू नये. जे बदलायचे ते त्याला हाक मारण्यापूर्वी.

घरातला सर्वांत विश्वासू प्रकाश खिडकीचा असतो, पण ऊन थेट आत येणाऱ्या खिडकीचा नव्हे. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढावा किंवा दुसऱ्या दिशेची खिडकी निवडावी. खुर्ची खिडकीपासून साधारण एक मीटरवर आणि अशी ठेवावी की उजेड बाजूने आणि किंचित समोरून येईल. खिडकीच्या फार जवळ बसवल्यास चेहऱ्याची एक बाजू उजळते आणि दुसरी काळोखात जाते. फार दूर नेल्यास छाया मऊ होण्याऐवजी सगळाच चेहरा निस्तेज दिसतो, कारण तोवर खोलीतल्या भिंतींवरून परतणारा उजेड खिडकीच्या उजेडाला गाठू लागलेला असतो. खोलीतले दिवे मात्र बंद करावेत. छतावरच्या दिव्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत छाया पडते, आणि पिवळसर दिव्याचा प्रकाश (साधारण २७०० ते ३००० केल्व्हिन; केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) खिडकीच्या निळसर प्रकाशात (५५०० केल्व्हिन आणि त्याहून अधिक) मिसळला की गालाच्या दोन बाजूंचे रंग वेगळे पडतात, जे नंतर कोणत्याही एका व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगछटेच्या समायोजनाने, दुरुस्त होत नाहीत.

हे सगळे माणसाशिवाय कसे तपासावे, असा प्रश्न येईल. खुर्चीच्या जागी उभे राहून स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरावी आणि हळूहळू फिरवावी. बोटांच्या उंचवट्यांची छाया कुठे गडद होते आणि कुठे मऊ होते हे नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि नाकाची छाया गालावर तशीच पडणार असते. त्यानंतर खुर्चीच्या पाठीवर डोक्याच्या उंचीला एखादी उशी टेकवून, तिच्यावर फोकस करून दोन-तीन फोटो काढावेत. उशी मात्र मध्यम रंगाची घ्यावी. पांढऱ्याशुभ्र उशीवर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि फोटो गडद करतो, कारण समोरचे सगळे सरासरी राखाडीच्या आसपास आहे असे धरून तो चालतो. त्याच कारणाने चेहऱ्यामागे उजळ खिडकी किंवा आकाश आले की चेहरा काळवंडतो. तिथे एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवावा लागतो, आणि तोही आधीच ठरवलेला बरा.

आकड्यांपुरते बोलायचे तर, खिडकीजवळच्या पोर्ट्रेटसाठी मॅन्युअल मोड (शटर आणि ॲपर्चर स्वतः ठरवण्याची पद्धत), शटरचा वेग १/२००, ॲपर्चर एफ/४ ते एफ/५.६ आणि आयएसओ स्वयंचलित पण ३२०० च्या मर्यादेत, ही सुरुवात बहुतेक खोल्यांत चालते. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावेत, म्हणजे रंगाची काळजी त्या क्षणी करावी लागत नाही. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो सुरू ठेवावा. नसेल तर फोकसचा एकच बिंदू निवडून तो चौकटीच्या वरच्या भागात, जिथे डोळा येणार आहे तिथे आधीच नेऊन ठेवावा. आणखी एक गोष्ट आवर्जून करावी: फोटो काढल्याबरोबर तो पडद्यावर दाखवण्याची सोय बंद करून ठेवावी. प्रत्येक फोटोनंतर आपली मान खाली गेली की समोरच्याला आपण एकटे सोडतो, आणि परत वर पाहिल्यावर आपल्या चेहऱ्यावर जी नाराजीची आठी असते, तिचा अर्थ तो स्वतःच्या दिसण्याशी जोडतो. हा परिणाम अनेकांच्या लक्षातच येत नाही, आणि मला तो सगळ्यांत जास्त नुकसान करणारा वाटतो.

अंतर

चेहरा ओळखीचा न वाटण्यामागे लेन्सचा दोष आहे असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात चेहऱ्याची प्रमाणे ठरतात ती कॅमेरा किती जवळ आहे यावर. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतची खोली अंदाजे १२ सेंटिमीटर धरली, तर ४० सेंटिमीटरवरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यापासून कान ५२ सेंटिमीटरवर असतो, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक सुमारे ३० टक्क्यांनी मोठे उमटते. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की हा फरक ८ टक्क्यांवर येतो आणि डोळ्यांना खटकेनासा होतो. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २८ मिलिमीटरच्या तोडीचा, म्हणजे रुंद कोनाचा असतो. खांद्यापर्यंतचा चेहरा चौकटीत भरण्यासाठी तो घेऊन नेमके त्या ४० सेंटिमीटरपर्यंतच जावे लागते. त्याऐवजी दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी लेन्स वापरावी, आणि ती नसेल तर दीड मीटरवर उभे राहून फोटो काढावा व नंतर कापून घ्यावा. थोडे रेझोल्यूशन गेलेले परवडते. चेहरा गोरा, गुळगुळीत करणारी स्वयंचलित सोयही या वेळी बंद ठेवावी, कारण त्वचेचा पोत हरवला की ओळखीतला बराच भाग त्यासोबत जातो.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत फुल फ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) ८५ मिलिमीटर आणि क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सरवर) ५० मिलिमीटर या फोकल लेंथ पोर्ट्रेटला सोयीच्या मानल्या जातात, त्याचे कारण हेच की त्या लावल्या की आपण आपोआप योग्य अंतरावर जाऊन उभे राहतो. या अंतराचा दुसरा फायदा माणसाच्या बाजूचा आहे. हातभर अंतरावरून चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा कोणालाही जाचक वाटतो, मग तो सख्ख्या भावाच्या हातात का असेना. त्याउलट पाच-सहा मीटर दूर जाणेही टाळावे. तिथून संभाषण होत नाही, फक्त ओरडून सूचना देता येतात.

समोरच्या माणसाशी कसे वागावे

तयारी पूर्ण असली की आपले सगळे लक्ष माणसाला देता येते, आणि उपायाचा खरा अर्धा भाग इथे सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे ‘नैसर्गिक राहा’, ‘सहज बस’, ‘मोकळेपणाने हस’ या तीन सूचना कायमच्या सोडून द्याव्यात. त्या पाळता येण्यासारख्या नाहीत, आणि त्या ऐकणारा माणूस आपण आत्तापर्यंत अनैसर्गिक होतो असे समजून अधिकच सावध होतो. सूचना अशी द्यावी जी शरीराने करता येईल: ‘आई, खांदे खिडकीकडे वळव आणि मान तेवढी माझ्याकडे आण’, ‘दादा, पुढे सरकून बस, पाठ टेकवू नकोस’, ‘हनुवटी थोडी पुढे आणि मग किंचित खाली’. या शेवटच्या सूचनेने जबड्याची रेषा स्पष्ट होते, पण शब्दांत सांगून ती नीट कळत नाही. आपण स्वतः करून दाखवावी, म्हणजे समोरचा आरशातल्यासारखी तिची नक्कल करतो. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती पाळली गेली की लगेच फोटो काढावा. चार सूचना एकदम दिल्या की माणूस चारही आठवत बसतो आणि तेच चेहऱ्यावर दिसते.

दुसरी गोष्ट हातांची. रिकाम्या हातांचे काय करावे हे कोणालाच सुचत नाही, आणि तो अवघडलेपणा मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून मानेत चढतो. हातांना काम द्यावे, परंतु दिखाऊ नव्हे, तर ज्यात त्या व्यक्तीचे खरोखर लक्ष गुंतेल असे. माझ्या मते सर्वांत चांगले काम म्हणजे सुईत दोरा ओवणे किंवा शर्टाला बटण लावणे, कारण त्याला उजेड लागतो आणि म्हणून माणूस आपण न सांगता खिडकीकडे वळतो. आईच्या हातात सुई-दोरा देऊन पाहावे. ती दोऱ्याचे टोक ओठांत ओले करते, सुई उजेडासमोर धरते, एक डोळा बारीक होतो, खालचा ओठ नकळत आत घेतला जातो, आणि दोरा नेढ्यातून पार झाला की खांदे खाली येतात, श्वास सुटतो आणि ती मान वर करून पाहते. त्या मान वर करण्याच्या क्षणी कॅमेरा डोळ्याला लावलेलाच हवा. तो क्षण जेमतेम सेकंदभर टिकतो आणि ‘पुन्हा तसेच बघ’ असे सांगून परत मिळत नाही. मात्र दुसरा दोरा देऊन त्याच्या जवळपासचे काहीतरी नक्की मिळते. ज्यांना शिवणकाम येत नाही त्यांच्यासाठी चष्म्याची काच पुसणे, घड्याळाला चावी देणे, जुन्या फोटोंचा अल्बम चाळणे, बुटाची नाडी बांधणे यांपैकी काहीही चालते.

लक्ष कामात गुंतवल्याने चेहरा सुटतो हे व्यावसायिक छायाचित्रकारांनीही पद्धतशीरपणे वापरले आहे. फिलिप हाल्समन हे १९५० च्या दशकात नामवंतांचे पोर्ट्रेट काढून झाल्यावर त्यांना चक्क उडी मारायला सांगत, कारण उडी मारणाऱ्याचे लक्ष उडीकडे जाते आणि चेहऱ्यावरचा मुखवटा गळतो, अशी त्यांची धारणा होती. घरी प्रत्येकाला उड्या मारायला लावण्याची गरज नाही, परंतु कुणी फारच ताठरले असेल तर उठून खोलीत एक फेरी मारायला आणि पुन्हा येऊन बसायला सांगावे. बसतानाच्या पहिल्या दोन सेकंदांत शरीर स्वतःहून सोयीची जागा शोधते, आणि ती आपण सुचवलेल्या कोणत्याही बैठकीपेक्षा बरी असते.

बोलत राहणे अत्यंत महत्त्वाचे आहे, पण बोलणाऱ्याच्या तोंडाचा फोटो काढू नये. शब्द उच्चारताना ओठ विचित्र आकारात अडकलेले सापडतात. प्रश्न विचारावा, उत्तर ऐकावे, आणि उत्तर संपल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात, जेव्हा त्या व्यक्तीच्या मनात अजून तोच विषय असतो पण तोंड मिटलेले असते, तेव्हा बटण दाबावे. प्रश्नही हो-नाही स्वरूपाचे नसावेत. ‘शाळेत तुला सगळ्यांत जास्त कोण हसवायचं?’ असे विचारले की बहिणीच्या चेहऱ्यावर आधी आठवण येते, मग हसू येते, आणि या दोन्हींच्या मधला जो शोधणारा भाव आहे तो कित्येकदा हसण्यापेक्षाही सुंदर असतो. इथे घरच्या माणसांबरोबर काम करण्याचा एक मोठा लाभ आहे, जो अनोळखी मॉडेलच्या बाबतीत कुणालाही मिळत नाही: कोणता प्रश्न कुठे घेऊन जाईल हे आपल्याला माहीत असते. आणि त्याच कारणाने कोणता प्रश्न दुखावेल हेही माहीत असते. तो चांगल्या फोटोच्या मोहाने कधीही विचारू नये.

लहान मुलांच्या बाबतीत एवढेच सांगतो की कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा, शटरचा वेग १/५०० किंवा त्याहून जास्त ठेवावा, आणि त्यांना बसवण्याचा प्रयत्न करू नये. वृद्ध व्यक्तींना आधी चांगली पाठ असलेली खुर्ची द्यावी आणि ऐकू येण्याच्या अंतरावर राहावे. चष्मा असलेल्यांना चष्मा काढायला सांगू नये, कारण तो त्यांच्या चेहऱ्याचा भाग झालेला असतो. काचेवर खिडकी चमकत असेल तर कानांवरच्या काड्या किंचित वर उचलल्या की काच थोडी खाली झुकते आणि चमक निघून जाते.

फोटो हलला, की फोकस चुकला?

भाव उत्तम पण डोळे धूसर, हे दुःख वेगळेच आहे, आणि त्याचे निदान न करता नवी लेन्स घेण्याकडे लोकांचा कल असतो. फोटो पूर्ण मोठा करून पाहावा. कान किंवा केस स्पष्ट आणि डोळा अस्पष्ट असेल तर फोकस चुकला आहे. मागची भिंत स्पष्ट आणि चेहरा पुसट ओढल्यासारखा असेल तर माणूस हलला आहे, शटरचा वेग वाढवावा. सगळीच चौकट एका दिशेने ओढलेली असेल तर आपला हात हलला आहे, आणि उपाय तोच. १/६० वर काढलेले पोर्ट्रेट कॅमेऱ्यात स्थिरीकरण असूनही हललेले निघू शकते, कारण स्थिरीकरण आपला हात सावरते, समोरच्याची मान नव्हे. वाढवलेल्या आयएसओमुळे आलेले दाणे सहन होतात, हललेला डोळा होत नाही.

फोकस वारंवार चुकत असेल तर ॲपर्चर फार उघडे ठेवण्याचा मोह हे त्याचे नेहमीचे कारण आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स दीड मीटरवरून एफ/१.८ ला वापरली, तर स्पष्टतेचा पट्टा सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा असतो. दोन बुबुळांमधले अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि चेहरा ४५ अंशांत वळवला की लांबचा डोळा जवळच्या डोळ्यापेक्षा चार-साडेचार सेंटिमीटर मागे जातो; म्हणजे दोन्ही डोळे त्या पट्ट्यात मावणेच शक्य नाही. एफ/५.६ वर तोच पट्टा दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो. सरावाच्या काळात तरी मागची भिंत विरघळवण्यापेक्षा दोन्ही डोळे मिळवण्याला महत्त्व द्यावे, आणि भिंत धूसर हवी असेल तर माणसाला तिच्यापासून दोन मीटर पुढे आणावे.

रात्री दिव्याच्या उजेडात फोटो काढल्यावर चौकटीत आडवे पट्टे दिसले, तर तो बिघाड कॅमेऱ्यात नसतो. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. १/१०० किंवा १/५० हा वेग ठेवला आणि आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटरऐवजी यांत्रिक शटर वापरले की पट्टे बहुधा जातात.

‘मी अशी दिसतच नाही’

सगळे नीट जमल्यावरही ही तक्रार येते, आणि ती ऐकून अनेक जण पुन्हा प्रकाशात, लेन्समध्ये दोष शोधू लागतात. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात, म्हणजे डावे-उजवे उलट झालेले पाहत असतो, आणि कोणताही चेहरा पूर्णपणे समान नसतो. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात सहभागी स्त्रियांनी स्वतःचा उलटा केलेला, आरशातल्यासारखा फोटो अधिक पसंत केला, तर त्यांच्या जवळच्या माणसांनी सरळ फोटो पसंत केला. तेव्हा ताई फोटो पाहून नाक मुरडत असेल आणि बाकी घर त्याच फोटोवर खूश असेल, तर दोघांचेही बरोबर आहे. तिला तोच फोटो उलटा करून दाखवून पाहावा. तरीही आवडला नाही, तर वाद घालू नये.

नकार आणि कंटाळा

बैठक लहान असावी. पंधरा-वीस मिनिटांत संपवावी, आणि समोरच्याला अजून थोडा उत्साह असतानाच संपवावी, कारण पुढच्या वेळी त्याने पुन्हा बसायला तयार व्हावे हे आजच्या एखाद्या फोटोपेक्षा मोलाचे आहे. अमेरिकी छायाचित्रकार हॅरी कॅलहन यांनी पत्नी एलिनॉर यांचे फोटो कित्येक वर्षे, घरात, रस्त्यावर, पाण्यात, पुन्हा पुन्हा काढले. एकाच चेहऱ्याकडे इतक्यांदा पाहण्याची संधी फक्त घरच्या माणसांकडून मिळते, आणि ती त्यांच्या सहनशक्तीवर अवलंबून असते. प्रत्येक बैठकीनंतर निवडलेले तीन-चार फोटो त्यांना द्यावेत, शक्यतो कागदावर छापून द्यावेत. घरची माणसे महिनोन्‌महिने आपल्यासाठी बसतात आणि त्यांना एकही फोटो मिळत नाही, असे सर्रास घडते. पुढच्या बैठकीला त्यांचा चेहरा आधीच थकलेला का असतो, याचे उत्तर काही अंशी त्यातही आहे.

कोणता फोटो ठेवायचा, कोणता इतरांना दाखवायचा आणि कोणता पुसायचा, याचा अधिकार त्यांचा आहे हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे आणि पाळावे. लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या पालकांना विचारावे, आणि मूल स्वतः नको म्हणत असेल तर पालकांच्या होकारानंतरही थांबावे. आपला चेहरा कुठे जाणार आहे याची चिंता मनात असेल तर कोणताही माणूस मोकळा होत नाही, आणि ही चिंता बहुतेक जण बोलून दाखवत नाहीत. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत बंद राहिलेल्या चेहऱ्याचे कारण तांत्रिक बाजूला सापडले नाही, तर त्या व्यक्तीला कॅमेरा खाली ठेवून, एकांतात, ‘तुला खरंच चालेल का?’ असे विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी बसण्याची विनंती करावी.